सहा महिने थांबा

बडोद्याच्या गोत्रीतल्या सप्तर्षी सोसायटीत पाण्याच्या टाकीखाली पंपाची खोली होती आणि तिच्या भिंतीवर एक काळा फळा होता. मीटिंग कधी आहे, पाणी कोणत्या वेळेला येणार नाही, एवढंच लिहायला सोसायटीने तो लावला होता. पण एक्क्याण्णव साली विश्राम सोनवणे रेल्वेचं क्वार्टर सोडून तिथल्या टेनामेंटमध्ये, म्हणजे ओळीतल्या बैठ्या घरात, राहायला आला आणि वर्षभरात फळा त्याचा झाला. दर रविवारी सकाळी अंघोळ करून, धुतलेला लेंगा-सदरा घालून तो खडू घेऊन टाकीपाशी जायचा आणि त्या आठवड्याचा सल्ला लिहायचा.

सल्ला गुजरातीत असायचा, कारण पस्तीस घरांपैकी मराठी घरं सहाच. विश्राम अमळनेरचा. बडोद्यात पंचवीस वर्षं काढूनही त्याचं गुजराती लिहिणं कच्चंच होतं. त्याची बायको कांचन मात्र नंदुरबारची, तिला दोन्ही भाषा सारख्याच. शनिवारी संध्याकाळी तो मजकूर कागदावर लिहून तिच्यापुढे ठेवायचा. ती दांडिया बाजारजवळच्या एका मराठी शाळेत तिसरीच्या वर्गाला शिकवायची. मुलांच्या वह्यांच्या गठ्ठ्यातच हाही कागद तपासून ती परत द्यायची, लाल शाईने.

फळ्यावर कधी असायचं, ‘फ्रिज भिंतीपासून वीतभर पुढे ओढा, त्यालाही उकडतं.’ कधी, ‘तीन पिनांच्या प्लगची वरची पिन तोडून तो दोन पिनांच्या सॉकेटात घालणाऱ्याने आधी विमा उतरवावा.’ टीव्हीवर भरतकामाचा रुमाल घालून वर गणपती बसवणाऱ्यांवर तर त्याने लागोपाठ तीन रविवार लिहिलं. वरच्या जाळीतून टीव्ही श्वास घेतो, त्याचं नाक दाबू नका. शेजारच्या लीलाबेनना वाटलं, हे आपल्यालाच उद्देशून आहे. त्या चार दिवस बोलल्या नाहीत. पाचव्या दिवशी त्यांचा टीव्ही बिघडला आणि विश्रामने तो तासाभरात चालू करून दिला, तेव्हा रुमालही गेला आणि रागही.

विश्राम प्रतापनगरला रेल्वेच्या टेलिफोन खात्यात मेंटेनर होता. दहावीनंतर जळगावला आयटीआय केलेलं, बस. पण हाताला असं वळण की मेलेला रेडिओ नुसता कानाशी धरून त्यात काय गेलंय ते सांगायचा. खात्यात त्याच्याहून वीस वर्षांनी लहान इंजिनियर यायचे, नकाशा उलटा धरायचे आणि तरी त्याला कधी काही विचारायचे नाहीत. ते त्याने आयुष्यभर गिळलं. सोसायटीत मात्र डॉक्टर, बँकवाले, रिफायनरीतले साहेब, सगळे त्याच्या ओट्यावर येऊन विचारायचे, ‘सोनवणेभाई, कोणता घेऊ?’ त्या प्रश्नाची त्याला चटक लागली होती. तसं तो कधी बोलला नाही, पण कांचनला ते कळत होतं.

ते दिवसही असे होते की विचारायला रोज काहीतरी नवं निघत होतं. केबल आली, कपडे धुण्याची मशिनं आली, काडेपेटीएवढे पेजर आले. आणि विश्रामचं उत्तर बहुतेकदा एकच असायचं.

“सहा महिने थांबा. पहिला घेतो तो कंपनीसाठी परीक्षा देतो. दुसरा घेतो त्याला वस्तू मिळते. आणि अर्ध्या किमतीत.”

हे खरं ठरत गेलं, हीच सगळ्यात वाईट गोष्ट झाली. समोरच्या ओळीतले पिलाजीराव माने, राजवाड्याच्या नोकरीतल्या घराण्यातले, महसूल खात्यातून निवृत्त झालेले. त्यांना पेजर हवाच होता. त्यांना कोण कशाला निरोप पाठवणार होतं हे देवालाच ठाऊक. विश्रामने त्यांना थांबवलं, आणि ते थांबले तोवर पेजर घेणारेच पेजर विकायला लागले. पिलाजीराव ही गोष्ट भेटेल त्याला सांगत. “सोनवणे म्हणाला थांबा, आणि वाचलो.”

सत्त्याण्णवच्या संक्रांतीच्या सुमाराला विश्रामच्या लक्षात आलं की कांचन फोन उजव्या कानाला लावते. आधी ती डाव्या कानाला लावायची, म्हणजे उजव्या हाताने लिहिता यायचं. त्याने विचारलं.

“डावीकडून बोललेलं कळत नाही नीट,” ती म्हणाली. “आवाज येतो, शब्द येत नाहीत. आणि एक शिट्टी वाजत असते आत. कुकरची शिट्टी दूरच्या घरात वाजावी तशी.”

“कधीपासून?”

“दिवाळीपासून असेल. वर्गात डावीकडची मुलं काय बोलतात ते कळायचं नाही. मग मी वात्रट मुलं उजवीकडे घेतली आणि शहाणी डावीकडे बसवली. आता बरं चाललंय.”

रसिका, त्यांची मुलगी, तेव्हा विज्ञान शाखेच्या शेवटच्या वर्षाला होती. ती पोळ्या लाटता लाटता म्हणाली, “बाबा, कानाच्या डॉक्टरांना दाखवू या ना.”

“डॉक्टर काय करणार?” विश्राम म्हणाला. “मशीन घ्या म्हणणार. आत असतं काय त्यात? एक माइक, एक ॲम्प्लिफायर, एक सेल. तेवढं तर मी डोळे मिटून बनवीन. आणि आता डिजिटल मशिनं येतायत परदेशातून. आज घेतलेलं सहा महिन्यांत भंगार होणार. थांबू थोडं. तोवर मी करतो काहीतरी.”

कांचनने वह्यांतून मान वर करून त्याच्याकडे पाहिलं आणि पुन्हा खाली घातली.  तिने मान्य केलं, असं त्याने धरलं.

पुढचे तीन आठवडे तो फार आनंदात होता, हे नंतर त्याला सगळ्यात जास्त छळत राहिलं. कामावरून येताना सायकल लहरीपुऱ्याकडे वळवायचा, आतल्या एका बोळातल्या सुट्या भागांच्या दुकानात तासभर उभा राहायचा. बारीक माइक मिळाला, वॉकमनचा इयरफोन मिळाला. पण आधी मोजमाप हवं, अंदाजपंचे काम त्याला जमायचं नाही. जाड-बारीक सूर काढणारी एक पेटी त्याने जुळवली. सोळा फेब्रुवारीच्या रविवारी कांचनला पाठमोरी बसवून त्याने एकेका कानाला एकेक सूर ऐकवला. ऐकू आला की तिने बोट वर करायचं. शंभरपानी वहीत आलेखाचा कागद चिकटवून त्याने उजव्या कानाची निळी रेघ काढली आणि डाव्या कानाची लाल. निळी रेघ सरळ चालली होती. लाल रेघ मधून पुढे जी घसरली ती कागदाच्या तळाला गेली.

“हे बघ,” त्याने रसिकाला दाखवलं. “बारीक सूर अजिबात नाहीत. स, श, त, ही अक्षरं बारीक सुराची. म्हणून शब्द कळत नाहीत. डॉक्टरने तरी एवढं सांगितलं असतं?”

रसिका म्हणाली, “पण एकाच कानाचं का?”

“वय,” तो म्हणाला. कांचन पंचेचाळीस वर्षांची होती.

साबणाच्या डबीत बसवलेलं ते यंत्र ब्लाउजला पिनेने अडकवून कांचन शाळेत जाऊ लागली. आवाज मोठा होई, पण शब्द स्पष्ट होत नसत. बाकं सरकली की तिच्या डोक्यात घण पडे. विश्रामने यंत्र चार वेळा सुधारलं. ती दर वेळी म्हणायची, “आता बरं आहे.” एकदा शाळेतून कांचन आली आणि रसिका कॉलेजातून, दोघी एकाच रिक्षातून उतरल्या, तेव्हा रसिकाने पाहिलं की डबी आईच्या पर्समध्ये आहे आणि वायर डबीभोवती नीट गुंडाळलेली आहे. फाटकाशी येताच आईने ती काढून ब्लाउजला लावली. रसिकाने हे वडिलांना वर्षभर सांगितलं नाही.

पावसाळ्यात कांचनचा तोल जायला लागला. न्हाणीघरात भिंतीला हात लावून चाले. विश्रामने तिचं ब्लड प्रेशर मोजलं, फरशीवर रबरी चटया टाकल्या आणि त्या रविवारी फळ्यावर ओल्या न्हाणीघराविषयी लिहिलं. थंडीत तिच्या डाव्या गालाला मुंग्या येऊ लागल्या. इयरफोन टोचत असेल म्हणून त्याने त्याला कापसाची टोपी शिवली. सहा महिन्यांचे बारा झाले होते. डिजिटल मशिनं आली होती, पण अजून महाग होती, आणि त्याचं पाचवं यंत्र अर्धं तयार होतं.

अठ्ठ्याण्णवच्या एप्रिलात तो कामासाठी चार दिवस डभोईला गेला. त्यातल्या दुसऱ्या दिवशी मांडवीपाशी रिक्षातून उतरताना कांचन आडवी पडली. लोकांनी उठवलं. घरी आल्यावर रसिकाने तिला विचारलंसुद्धा नाही, सरळ कानाच्या डॉक्टरांकडे नेलं. तिथून स्कॅनला. विश्राम परत आला तेव्हा काळा लिफाफा टेबलावर होता.

पहिल्यांदा त्याला रागच आला. “मला न विचारता?” तो म्हणाला. रसिकाने मान वर केली. तिचे डोळे सुजले होते, ते पाहून त्याचा राग जागच्या जागी विझला.

दुसऱ्या दिवशी तो कांचनला घेऊन डॉक्टरांकडे गेला. जाताना त्याने वही बरोबर घेतली. आपण काहीच केलं नाही असं त्यांना वाटू नये, एवढंच मनात होतं. डॉक्टर वयाने लहान होते, मृदू बोलणारे. कानाकडून मेंदूकडे जाणाऱ्या नसेवर गाठ आहे, असं त्यांनी सांगितलं. कॅन्सर नाही. एरवी हळूहळू वाढते, एखाद्याची भराभर. पण आता लिंबाएवढी झाली आहे आणि मेंदूच्या देठाला दाबते आहे.

विश्रामने वही पुढे केली. डॉक्टरांनी आलेखाचा कागद उजेडाकडे धरला.

“हे कुठे काढलंत?”

“घरी. मीच काढलंय.”

“मशीन कुठलं?”

“मी जुळवलेलं.”

डॉक्टर बराच वेळ बघत राहिले. “फार अचूक आहे,” ते म्हणाले. “आमच्या मशीनवर परवा जो निघाला तो असाच आहे, फक्त आणखी खाली.” मग त्यांचं लक्ष कोपऱ्यातल्या तारखेकडे गेलं. “ही तारीख बरोबर आहे? सत्त्याण्णव?”

“हो.”

डॉक्टरांनी वही मिटून परत दिली. त्यांनी काही सुनावलं असतं तर विश्रामला सोसलं असतं. ते फक्त म्हणाले, “एकाच कानाची रेघ अशी पडली की आम्ही आधी डोक्याचा फोटो काढतो. तेव्हा बहुधा वाटाण्याएवढी असेल.”

शेजारी कांचन बसली होती. डॉक्टर तिच्या डावीकडे होते. “काय म्हणाले?” तिने विचारलं.

“ऑपरेशन करावं लागेल म्हणाले,” विश्रामने सांगितलं.

ऑपरेशन अहमदाबादला झालं, अकरा तास चाललं. दत्ताजीराव, कांचनचा थोरला भाऊ, नंदुरबारहून आला होता. बाहेरच्या बाकावर त्याने विश्रामला विचारलं, “आधी लक्षात नाही आलं?” विश्राम म्हणाला, “आलं होतं.” दत्ताजीरावाला वाटलं, दमलाय, भलतंच बोलतोय. त्याने पुढे विचारलं नाही.

कांचन वाचली. गाठ जवळजवळ सगळी निघाली, पण ऐकण्याची नस तिच्याबरोबर गेली, आणि चेहरा हलवणारी नस गाठीवर इतकी ताणली गेली होती की तीही वाचवता आली नाही. पट्टी सोडली तेव्हा तिच्या तोंडाची डावी बाजू ओल्या कपड्यासारखी लोंबत होती. डावा डोळा मिटत नव्हता. ओठ जुळत नसल्याने प, ब, म ही अक्षरं तिच्या तोंडून फुटकी यायची. श्रुतलेखन घालणाऱ्या बाईला ती अक्षरं नसतील तर काय उरतं? जूनमध्ये ती एक दिवस शाळेत गेली. पहिल्या बाकावरची एक मुलगी तिच्याकडे बघून रडायला लागली. कांचनने तिला जवळ घेतलं, गप्प केलं, तास संपेपर्यंत पाढे म्हणून घेतले आणि मुख्याध्यापकांच्या खोलीत जाऊन राजीनामा लिहिला. घरी येऊन तिने हे सगळं एका दमात सांगितलं आणि शेवटी म्हणाली, “अक्षर अजून चांगलं आहे माझं. राजीनामा बघून सर म्हणाले.”

विश्रामने फळ्यावर लिहिणं सोडलं. सोसायटीने काही आठवडे वाट पाहिली, मग तिथे पुन्हा पाण्याच्या वेळा दिसू लागल्या. तारांना डाग देण्याच्या कथलाचा वास घरातून गेला. लोक ओट्यावर यायचे, तो त्यांना बसवायचा, चहा द्यायचा आणि म्हणायचा, “दुकानात विचारा ना. त्यांना जास्त कळतं.” पिलाजीराव मात्र सोडेनात. नातवासाठी कॉम्प्युटर घ्यायचा होता.

“की थांबू सहा महिने?” त्यांनी विचारलं. त्यांच्या मनात काही नव्हतं. बिचारे सवयीने बोलले.

“आज घ्या,” विश्राम म्हणाला. “आत्ता दुकान उघडं असेल.” आणि तो उठून आत गेला. पिलाजीराव ओट्यावर चहा संपेपर्यंत एकटेच बसले होते.

रसिकाचं लग्न झालं, ती पुण्याला गेली. त्यानंतर घरात दोघंच. विश्राम पहाटे उठून कांचनच्या डोळ्यात मलम घाली, दिवसा थेंब घाली. भाजी बारीक चिरी, कारण घास गालात अडकायचा. रस्त्यावर तो कायम तिच्या डाव्या हाताला चाले, म्हणजे तिला ऐकू न येणाऱ्या गाड्या त्याच्या बाजूने येत. त्यामुळे चालताना त्यांना बोलता यायचं नाही. नवरा-बायको गोत्रीच्या रस्त्याने मुक्याने चालताना दिसायची. लोक म्हणायचे, ह्यांचं काहीतरी बिनसलंय.

एक गोष्ट तो तीन वर्षं बोलला नव्हता. डॉक्टरांनी तारीख विचारली होती, हे कांचनला माहीत नव्हतं, असं तो समजत होता. दोन हजार एकच्या मार्चमध्ये एका दुपारी ती पडवीतल्या झुलत्या हिंचक्यावर गवार मोडत बसली होती. तो तिच्या शेजारी बसला आणि समोरच्या फाटकाकडे बघत त्याने सगळं सांगितलं. आलेख, तारीख, वाटाण्याएवढी गाठ. आवाज अगदी खाली होता, पण तो थांबला नाही. बोलून झाल्यावर त्याने तिच्याकडे पाहिलं. ती गवार मोडत होती. तेव्हा त्याला उमगलं की तो तिच्या डावीकडे बसला आहे.

उठून आत जाणं सोपं होतं. तिला काही कळलंच नसतं. पण तो हिंचक्याला वळसा घालून तिच्या उजवीकडे येऊन बसला आणि तेच सगळं पहिल्यापासून पुन्हा सांगितलं. दुसऱ्या वेळेला ते जास्त जड गेलं.

कांचनने परात बाजूला ठेवली.

“वही मी वाचली होती,” ती म्हणाली. “अहमदाबादहून आल्यावर. तारीख मलाही दिसली.”

“मग बोलली का नाहीस?”

“काय बोलू? मला डॉक्टरांकडे जायचंच नव्हतं. डोक्यात काहीतरी आहे असं मला तेव्हाच वाटायचं. माझ्या मावशीचं असंच झालं होतं. तुम्ही थांबू या म्हणालात, तर मला बरं वाटलं. चांगलं कारण मिळालं. ते यंत्र लावून फिरले ते त्यासाठीच. तुम्ही त्यात गुंतलेले असलात की डॉक्टरांचं नाव निघायचं नाही.”

प आणि ब तिला जमत नव्हते, त्यामुळे ती हळू बोलत होती, एकेक शब्द धरून.

विश्राम म्हणाला, “तू घाबरली होतीस. ते वेगळं. मला कळायला हवं होतं.”

त्याला वाटलं, ती नाही म्हणेल. बायका म्हणतात तसं म्हणेल, जाऊ द्या हो, नशिबात होतं. कांचनने मांडीवरचे देठ झटकले.

“हो,” ती म्हणाली. “तुम्हाला कळायला हवं होतं.”

रागाने नाही म्हणाली. विद्यार्थ्याचं गणित चुकलं तर चूक कुठे झाली ते दाखवावं, तसं म्हणाली. विश्रामने मान हलवली. त्याला हलकं वाटलं नाही. एवढंच झालं की तीन वर्षं तो ज्याच्याबरोबर एकटा राहत होता, ते आता तिच्यासमोरही होतं.

हिंचका मंद हलत होता. लीलाबेन कपडे काढायला गच्चीवर आल्या आणि परत गेल्या. मग कांचनने विचारलं, “रसिकाचं पत्र आलंय ना सकाळी? वाचा की. माझा चष्मा आत आहे.”

त्याने सदऱ्याच्या खिशातून पत्र काढलं. तो पहिल्या ओळीपासून वाचू लागला. पुण्यात यंदा ऊन लवकर लागलं आहे, रसिकाने लिहिलं होतं, आणि तिला दिवस गेले आहेत.

“काय?” कांचन म्हणाली. “पुन्हा वाचा.”

त्याने तेवढं पुन्हा वाचलं, जरा मोठ्याने.